मामाचा व्हायब्रोफोन आणि आमची सहा दिवसांची वारी

माझा मामा गिरगावातला, २०१९ मध्ये वय ८१. तरुणपणी नोकरी सांभाळून हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात व्हायब्रोफोन वाजवायचा, धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायचं वाद्य. वाद्य ऑर्केस्ट्राच्या मालकाचं, मामाच्या मालकीच्या फक्त काठ्या, म्हणजे मॅलेट, लोकरीचं सूत गुंडाळलेल्या चार. दर दसऱ्याला आजीच्या देव्हाऱ्यासमोर पाटावर पुस्तकं, आजोबांचा फूटरूल आणि मामाच्या त्या चार काठ्या असायच्या, झेंडूच्या पाकळ्या वाहिलेल्या. केरसी लॉर्ड, बर्जोर लॉर्ड ही हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या लॉर्ड भावांची नावं मी मामाकडूनच ऐकली. गाणं लागलं की तो बोट वर करायचा, "ऐक, मागे व्हायब्रोफोन आहे." आणि गाण्याच्या मागे खरंच काहीतरी पाण्यासारखं हलत असायचं.

त्याच्या कपाटात मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चौघांच्या अमेरिकन बँडच्या दोन रेकॉर्ड होत्या. त्यातला व्हायब्रोफोनवाला मिल्ट जॅक्सन हा त्याचा देव. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने शिकागोला जायचं ठरलं आणि लक्षात आलं की ९ ऑक्टोबरला मिल्ट जॅक्सनला जाऊन २० वर्षं होतायत. पुढे आठवडाभर रजा टाकली. जिथे हे वाद्य बनलं तिथून सुरू करायचं आणि जिथे वाजवणारे झोपलेत तिथे थांबायचं, एवढाच प्लॅन होता.

दिवस पहिला, शुक्रवार ४ ऑक्टोबर, शिकागो

मावसबहीण शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. ताईकडे घट बसलेले, बेसमेंटच्या कोपऱ्यात हिवाळी कोट टांगलेत आणि त्यांच्याच बाजूला परडीत गहू तरारून आलेला, बघून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ताईचा नऊ दिवसांचा उपास, त्यामुळे मलाही सकाळी साबुदाण्याची खिचडी मिळाली आणि ती खाऊन मी थेट डीगन बिल्डिंगला, या वाद्याच्या जुन्या कारखान्याला, निघालो.

ब्राउन लाइनची ट्रेन पकडायची, मॉन्ट्रोज स्टेशनला उतरायचं आणि रेव्हन्सवूड भागातून चालत जायचं. १७७० वेस्ट बर्टो अव्हेन्यू. लांबूनच घड्याळाचा मनोरा दिसतो. जॉन कॅल्हून डीगन हा मुळात क्लॅरिनेट वाजवणारा माणूस, पण आवाजाच्या शास्त्राने झपाटलेला. त्याच्या कारखान्यात लाकडी पट्ट्यांचे झायलोफोन आणि मरिम्बा, चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा असं सगळं बनायचं. व्हायब्रोफोन पहिल्यांदा केला तो इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, पण त्याच्या पट्ट्या स्टीलच्या होत्या आणि नाद थांबवायची सोय नव्हती. १९२७ साली डीगनच्या हेन्री श्लूटरने अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या आणि खाली पायाचा पेडल दिला. पेडल दाबला की पट्टीवरून फेल्टची दांडी सुटते आणि स्वर मोकळा, सोडला की गप्प. आज आपण ज्याला व्हायब्रोफोन म्हणतो तो खरा तेव्हा जन्मला. डीगनवाले त्याला व्हायब्राहार्प म्हणायचे, म्हणून मामाच्या रेकॉर्डवर मिल्ट जॅक्सनच्या नावापुढे 'व्हायब्राहार्प' छापलेलं असायचं आणि मला लहानपणी वाटायचं की हे वेगळंच कुठलं वाद्य.

आता आत ऑफिसं आहेत. बाहेर भिंतीला हात लावून उभा होतो तेव्हा कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा थांबले, काय बघतोस विचारलं. मी मामाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आमच्या शाळेच्या बँडमधल्या झायलोफोनवर हेच नाव कोरलेलं होतं, मी चार वर्षं रोज वाचलं. मग दहा मिनिटं आम्ही दोघं त्या मनोऱ्याखाली उभे राहून बोलत होतो, गार वारा सुटलेला, कुत्रं कंटाळून माझ्या बुटावर बसलं. निघताना ते म्हणाले, मामांना सांग, बिल्डिंग अजून उभी आहे.

जॅझमध्ये व्हायब्रोफोन आणणारा लायोनेल हॅम्प्टनही याच शहरात वाढला. जन्म १९०८ चा लुईव्हिलचा, पण पोरवयात शिकागोला आला आणि 'शिकागो डिफेंडर' या काळ्या लोकांच्या पेपरच्या बँडमध्ये, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या बँडमध्ये, ड्रम वाजवायला लागला. त्याआधी विस्कॉन्सिनच्या शाळेत त्याला ड्रमचे हात शिकवले होते एका ननने. हे वाचल्यापासून त्या ननबद्दल मला फार आदर आहे.

टिप: डीगन बिल्डिंग बघायला तिकीट वगैरे काही नाही, बाहेरूनच बघायची, अर्धा तास पुरतो. ऑक्टोबरमध्ये शिकागोला जात असाल तर कानटोपी न्या. ऊन असलं तरी न्या.

दिवस दुसरा, शनिवार ५ ऑक्टोबर, इंडियानापोलिस

भाऊजी म्हणाले, मी सोडतो ना, मलाही बघायचंय. साडेतीन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूला वाळलेला मका, मग मैलोन् मैल पवनचक्क्या. एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो, की इंडियानापोलिसचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे. म्हणजे पोचलो तेव्हा आपल्या हिशोबाने लवकर आणि तिथल्या हिशोबाने उशीर. शिकागोहून जाणार असाल तर हे आधीच धरून चाला, कारण आमचा तो एक तास नेमका म्युझियमच्या वेळेतून गेला.

तालवाद्यवाल्यांची जी संस्था आहे, पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी, तिचं म्युझियम तेव्हा इथे होतं, रिदम डिस्कव्हरी सेंटर. तिथली बरीच वाद्यं हात लावून वाजवायची असायची. क्लेअर ओमर मसर म्हणून मोठे मरिम्बावादक आणि वाद्यं बनवणारे होऊन गेले, त्यांनी उल्कापाषाण गोळा करून त्यातल्या धातूपासून पट्ट्या ओतल्या आणि एक वाद्य बनवलं, सेलेस्टाफोन. आकाशातून पडलेल्या धातूचं वाद्य! मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो, भाऊजींनी दोनदा हाक मारली.

मग व्हायब्रोफोन. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाद्यासमोर उभा राहिलो. तीन सप्तकं, ३७ पट्ट्या, खाली नळ्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक छोटी गोल चकती, एकेका रांगेच्या चकत्या एकेका दांडीवर, आणि त्या दांड्या मोटर फिरवते. चकती उघडली की नळी घुमते, मिटली की आवाज दबतो. म्हणून तो आवाज हलतो. मी इतकी वर्षं समजत होतो की स्वर वरखाली होतो, आपल्या दरबारीतल्या गंधारासारखा. तसं नाहीये. स्वर जागचा हलत नाही, हलतो तो फक्त आवाजाचा लहानमोठेपणा. मोटर बंद करून वाजवलं तर एकदम स्वच्छ, थंड, जलतरंगाच्या जवळचं काहीतरी. चालू केली की त्याच पट्टीत जीव येतो.

आणि इथेच मामाचं एक जुनं वाक्य मला उलगडलं. तो म्हणायचा, व्हायब्रोफोनवाल्याची सही त्याच्या मोटरमध्ये असते. हॅम्प्टनची मोटर जोरात, त्याचा आवाज नुसता थरथरतो, आनंदाने. मिल्ट जॅक्सनने ती अगदी हळू केली, इतकी हळू की लांब स्वर गाणाऱ्याच्या श्वासासारखा येतो, तो लहानपणी चर्चमध्ये गायचाच. रेड नॉर्व्हो, हॅम्प्टनच्याच वर्षी जन्मलेला, झायलोफोनवरून आलेला, त्याने मोटर लावलीच नाही. गॅरी बर्टनही बंद ठेवायचा, पण त्याच्या हातात एकदम चार काठ्या, एकटा माणूस पियानोसारखं भरून वाजवायचा. तो याच राज्यातला, इथून तासाभरावरच्या अँडरसन गावात १९४३ साली जन्मला, सहाव्या वर्षी शिकायला लागला, २०१७ मध्ये थांबला. सगळ्यांसमोर त्याच ३७ पट्ट्या. ना फुंकर, ना मींड, ना तार दाबायची सोय, आणि तरी दोन स्वरांत माणूस ओळखू येतो.

माझ्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती, माझं होईपर्यंत शांत थांबली आणि मग चार काठ्या धरून असं काही वाजवलं की भाऊजींनी फोन खिशात ठेवला. काठ्या कशा धरायच्या विचारलं तर तिने माझी बोटं एकेक करून बसवली. दोन काठ्या तळहातात एकमेकींवर फुली करून, अंगठा आणि पहिलं बोट मध्ये, त्यांनीच अंतर कमीजास्त करायचं. मला पाच मिनिटांत मनगटाला कळ लागली. तिला मार्जी हायम्सबद्दल सांगितलं, १९४० च्या दशकात वुडी हर्मन आणि नंतर जॉर्ज शिअरिंगच्या बँडमध्ये व्हायब्रोफोन वाजवणारी बाई. तिने नाव लगेच फोनमध्ये लिहून घेतलं.

जेवायला शुगर क्रीम पाय नावाचा इथला गोड पदार्थ खाल्ला. दूध-साखर आटवून घट्ट बसवलेलं, बासुंदीच्या तळाशी जे खरवडून खातो ना, थेट ती चव. जरूर खा.

दिवस तिसरा, रविवार ६ ऑक्टोबर

विमान साडेचार तास लेट. एअरपोर्टवर बसून मॉडर्न जॅझ क्वार्टेट ऐकलं. रात्री न्यूयॉर्कजवळ एडिसनला मित्राकडे, वहिनींनी गरम भात-आमटी वाढली. बास.

दिवस चौथा, सोमवार ७ ऑक्टोबर, न्यूयॉर्क

खंडेनवमी. मित्राने सकाळी गाडीला हार घातला. माझ्याकडे मामाने दिलेली एक जुनी काठी होती (चारातली एक, सूत सुटत आलेलं) ती देवासमोर ठेवली.

दुपारी लिंकन सेंटरच्या बाजूला फिरलो. हॅम्प्टन म्हातारपणी इथेच जवळ राहायचा. जानेवारी १९९७ मध्ये त्याच्या घराला आग लागली, आयुष्यभराचे कागद, फोटो, वाद्य, कपडे सगळं गेलं. दोनच दिवसांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये क्लिंटनच्या हातून राष्ट्रीय कला पदक घ्यायचं होतं, आणि ८८ वर्षांचा तो माणूस दुसऱ्यांचे कपडे घालून गेला. वर बिल्डिंगकडे बघत उभा होतो तर नुसतं तेच डोक्यात, की त्या वयात दोन दिवसांत उठून उभं राहायचं म्हणजे काय असेल.

रात्री व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. १९३५ पासून चालू असलेलं तळघर, लाल दरवाजा, अरुंद जिना, खाली पाचरीसारखी निमुळती खोली. व्हायब्रोफोनवाल्या बॉबी हचरसनची १९८६ सालची लाइव्ह रेकॉर्डिंग इथली आहे. हचरसन मूळचा लॉस एंजेलिसचा. शाळकरी वयात मिल्ट जॅक्सनची रेकॉर्ड कानावर पडली आणि वाद्यच ठरलं. न्यूयॉर्कला आला तेव्हा पोटासाठी टॅक्सी चालवायचा. १९६४ मध्ये एरिक डॉल्फी या सॅक्सोफोनवाल्याबरोबर त्याने जे वाजवलं ते ऐकून मला अजूनही कळत नाही की इतक्या मोकळ्या जागा सोडायचं धाडस कुठून आणलं. मिल्ट जॅक्सन गातो, हचरसन काचेच्या तुकड्यांवरून चालतो. २०१६ मध्ये तोही गेला.

सोमवारी तिथे बिग बँड असतो, १९६६ पासूनची प्रथा. व्हायब्रोफोन नव्हता, पण सोळा माणसं एवढ्याशा जागेत एकदम वाजवतात तेव्हा टेबलावरचं पाणी हलतं, ते अनुभवायलाच हवं.

टिप: बुकिंग आधी करा, तरी लवकर जा, जागा आल्या क्रमाने मिळते. जेवण मिळत नाही, एक पेय घ्यावंच लागतं. वाजवणं चालू असताना फोन काढायचा नाही, बोलायचंही नाही. इतकं शांत ऐकणारे लोक मी फक्त सवाईला पहाटेच्या मैफलीत पाहिलेत.

दिवस पाचवा, मंगळवार ८ ऑक्टोबर, क्वीन्स, दसरा

७ नंबरची ट्रेन, १०३ स्ट्रीट–कोरोना प्लाझा. जॅझचा मोठा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याचं घर. म्हणाल इथे व्हायब्रोफोनचा काय संबंध, तर सगळा संबंध इथूनच आहे. ऑक्टोबर १९३० मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आर्मस्ट्राँगचं रेकॉर्डिंग होतं, २२ वर्षांचा हॅम्प्टन ड्रमवर. कोपऱ्यात एक व्हायब्रोफोन पडलेला, तेव्हा रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधले टिंग-टाँग स्वर वाजवण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग नव्हता. आर्मस्ट्राँगने विचारलं, हे वाजवता येतं का? हॅम्प्टनला झायलोफोन येत होता, पट्ट्यांची मांडणी तीच. त्याने आर्मस्ट्राँगचेच सोलो पाठ केलेले होते, तेच त्यावर काढून दाखवले. 'मेमरीज ऑफ यू' च्या सुरुवातीला ते वाद्य आलं आणि जॅझमध्ये राहिलं. सहा वर्षांनी क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनने हॅम्प्टनला आपल्या क्वार्टेटमध्ये घेतलं, पियानोवाला टेडी विल्सन आणि ड्रमवाला जीन क्रुपा यांच्याबरोबर. दोन काळे, दोन गोरे, एका स्टेजवर, १९३६ च्या अमेरिकेत.

आर्मस्ट्राँग जगभर फिरला पण १९४३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, या साध्या गल्लीतच राहिला. घर फार मोठं नाही. स्वयंपाकघर पूर्ण निळं, चकचकीत. खोलीत गेलं की गाइड त्याच्याच टेपमधला आवाज लावते, तो घरात बोलतोय, हसतोय, आणि आपण पाहुणे म्हणून आलोय असंच वाटतं. आमच्या ग्रुपमधल्या एक आजी हळूच म्हणाल्या की लहानपणी आई मला याच गल्लीतून शाळेत न्यायची, आणि तो पायऱ्यांवर बसलेला असायचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

चालत जाऊन लेमन आइस किंग ऑफ कोरोनाचा लिंबाचा बर्फ खाल्ला, आपल्या गोळ्याचा अमेरिकन भाऊ. परतताना जॅक्सन हाइट्सला मोमो. आर्मस्ट्राँगचं घर तेव्हा सोमवारी बंद असायचं, आता कुठल्या दिवशी उघडं असतं ते प्लॅन करताना बघा.

संध्याकाळी एडिसनला मित्राच्या घरी दसरा, आठ-दहा कुटुंबं, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. आपट्याची पानं कुठली मिळणार, तर पोरांनी सोनेरी कागदाची कापली होती, कात्रीने वाकडीतिकडी. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणत मित्राच्या मुलीने माझ्या हातात पाच-सहा पानं कोंबली. दोन खिशात ठेवली.

दिवस सहावा, बुधवार ९ ऑक्टोबर, ब्रॉन्क्स

आभाळ भरलेलं, बारीक भुरभुर. ४ नंबरच्या ट्रेनचं शेवटचं स्टेशन वुडलॉन. उतरलं की समोरच स्मशानभूमीचं जेरोम अव्हेन्यूचं गेट. ४०० एकर आहे, तेव्हा नकाशा घेतल्याशिवाय आत जाऊ नका. बूट चांगले घाला, गवत ओलं असतं. गेटवरच्या माणसाने काही न विचारताच नकाशावर गोल केला, म्हणाला, "म्युझिक?" बहुतेक माझ्या खिशातून बाहेर डोकावणारी काठी त्याने बघितली.

जॅझचा मोठा संगीतकार ड्यूक एलिंग्टन झाडाखाली, दोन उंच दगडी क्रॉस. जवळच माइल्स डेव्हिसचा काळा चकचकीत दगड, त्यावर ट्रम्पेट कोरलेला. आणि त्याच परिसरात हॅम्प्टन. हॅम्प्टनच्या 'फ्लाइंग होम' मध्ये १९४२ साली ज्याने सॅक्सोफोनचा तो सोलो वाजवला तो इलिनॉय जॅकेटही इथेच आहे. हॅम्प्टन २००२ मध्ये गेला तेव्हा हार्लेममधून बँड वाजवत त्याला नेलं होतं. त्याच्या दगडापाशी ओल्या पानांचा ढीग साठला होता, मी हाताने बाजूला केला.

मिल्ट जॅक्सन शोधायला थोडा वेळ लागला. दुसरं कुणी नव्हतं. वीस वर्षं, आजचीच तारीख. मोबाइलवर 'बॅग्ज ग्रूव्ह' लावलं, अगदी हळू आवाजात. बॅग्ज हे त्याचं टोपणनाव, सैन्यातून सुटल्यावर इतकी जागरणं केली की डोळ्यांखाली पिशव्या आल्या, त्यावरून पडलेलं. डेट्रॉइटचा पोरगा, १९४५ मध्ये ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीने हेरला. डिझीच्या बिग बँडमध्ये फुंकणाऱ्यांना दम खायला मिळावा म्हणून मधेच चौघं जण वाजवायचे, त्यातूनच पुढे १९५२ मध्ये मॉडर्न जॅझ क्वार्टेट झालं. काळे सूट घालून, मैफलीसारखं शांत बसून ऐकायला लावणारं जॅझ. आणि त्या शिस्तीच्या मधोमध हा माणूस ब्लूज गात असायचा, धातूवर.

मामाची काठी दगडाला टेकवली, क्षणभर. मग एक सोनेरी पान ठेवलं, त्यावर छोटा खडा, उडू नये म्हणून. दुसरं पान हॅम्प्टनकडे ठेवून आलो.

रात्री मॅनहॅटनमधल्या एका छोट्या क्लबात व्हायब्रोफोनवाला पोरगा होता, तिशीचा असेल. चाळीस एक लोक. वाजवणं संपल्यावर तो वाद्य सुटं करायला लागला, तर मी मदत करू का म्हणालो. पट्ट्या एका दोरीत ओवलेल्या असतात, त्या चटईसारख्या गुंडाळून पिशवीत जातात, नळ्या वेगळ्या, सांगाडा वेगळा, मोटर वेगळी. तीन जिने चढून गाडीपर्यंत चार फेऱ्या झाल्या. त्याला मामाची काठी दाखवली. त्याने उजेडात धरून बघितली, सूत बोटाने दाबलं, आणि आपल्या बॅगेतून सुई-दोरा काढून पाच मिनिटांत सुटलेलं टोक शिवून दिलं. फुटपाथवर, गाडीच्या दिव्यात.

मामाला मुंबईत परतल्यावर सगळे फोटो दाखवले. डीगनचा मनोरा बघितला, वुडलॉनचा फोटो बघून हात जोडले. काठीवरची नवी शिवण अंगठ्याने बराच वेळ चाचपत बसला. मग विचारलं, "त्या पोराने मोटर चालू ठेवली होती की बंद?"

"बंद होती मामा. फक्त शेवटच्या गाण्याला चालू केली."

"हळू?"

"एकदम हळू."